क्रम मोडून बघा, मग ठरवू: सर्वश्रेष्ठ कन्सेप्ट अल्बम कोणता?

सर्वश्रेष्ठ कन्सेप्ट अल्बम, म्हणजे एका कल्पनेभोवती गुंफलेल्या गाण्यांचा अल्बम, कोणता असं विचारणाऱ्याने चार नावं आधीच मांडून ठेवली आहेत: बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड', द हूचा 'टॉमी', आणि पिंक फ्लॉइडचे 'द डार्क साइड ऑफ द मून' व 'द वॉल'. यांतला श्रेष्ठ कोणता, हा एक प्रश्न. ज्यात सलग गोष्टच नाही त्याला कन्सेप्ट अल्बम म्हणायचं तरी का, हा दुसरा. दुसरा सुटला की पहिल्यातली निम्मी भांडणं मिटतात, म्हणून आधी तो घेतो. माझा निकाल मात्र आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना बाह्या सरसावायच्या आहेत त्यांना वाट बघायला नको: पहिला नंबर अमेरिकन गायक मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'चा (१९७१). या चारांपैकी एकाचाही नाही.

मी समीक्षक नाही, मास्टरिंगचं काम करतो. गाणी मिक्स होऊन माझ्याकडे येतात. त्यांचा शेवटचा आवाज बसवायचा, कुठल्या गाण्यामागे कुठलं लावायचं यावर कलाकाराशी हुज्जत घालायची, दोन गाण्यांमध्ये किती सेकंद शांतता ठेवायची की मुळीच ठेवायची नाही हे ठरवायचं, असा सगळा उद्योग. त्यामुळे अल्बम ऐकताना माझा कान गाण्यांपेक्षा सांध्यांकडे जास्त असतो. धंद्याने लावलेली खोड आहे, पण या वादात ती कामाला येते.

माझी कसोटी अशी. गाण्यांचा क्रम बदला, एखादं गाणं काढून टाका, आणि ऐका. काही मोडलं का? मोडलं तर तो कन्सेप्ट अल्बम, मग त्यात गोष्ट असो वा नसो. काहीच मोडलं नाही, तर वेष्टनावर कितीही लांबलचक कथासार छापलेलं असू द्या, तो चांगल्या गाण्यांचा संग्रह. अधूनमधून एखादा तरुण बँड येतो, "आमचा कन्सेप्ट अल्बम आहे" म्हणतो, आणि दर दोन गाण्यांच्या मध्ये भारदस्त आवाजातलं निवेदन चिकटवून आणतो. मी निवेदनं बंद करतो आणि गाणी उलटसुलट लावून ऐकवतो. बऱ्याचदा नवा क्रम खुद्द बँडलाच जास्त आवडतो. मग पुढचं फार बोलावं लागत नाही.

गोष्ट हवीच, ही अट रॉकवाल्यांनी घातली. त्याच्या बऱ्याच आधी हा प्रकार सुरू झालेला होता. वुडी गथ्रीचा 'डस्ट बोल बॅलड्स' १९४० चा: धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या अमेरिकन शेतकऱ्यांची गाणी. सूत्र पक्कं, पण ती ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची थप्पी होती. तीन-चार मिनिटांनी उठा, तबकडी उलटा, पुन्हा बसा. सलगपणा येणार कुठून? १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एलपी आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. त्या वीस मिनिटांचं काय करायचं हे ज्याला पहिल्यांदा नीट उमगलं तो फ्रँक सिनात्रा. १९५५ चा त्याचा 'इन द वी स्मॉल अवर्स' घ्या. सोळा गाणी, निरनिराळ्या गीतकार-संगीतकारांची, बहुतेक जुनीच. गोष्ट शून्य. पण सगळी रात्रीच्या एकटेपणाची, आणि नेल्सन रिडलच्या संयोजनाने सगळ्यांची चाल एकाच मंद लयीत धरलेली. त्यात मध्येच एक उडत्या चालीचं गाणं घुसवा, सगळा डोलारा कोसळेल. माझ्या कसोटीला तो पहिल्या झटक्यात उतरतो.

एलपीबद्दल आणखी एक गोष्ट, जी या वादात कुणी काढत नाही. बारा इंची तबकडी ठरलेल्या वेगाने फिरते, पण सुईखालून खाच सरकण्याचा वेग काठाकडून मध्याकडे जाताना कमी होत जातो. बाहेरच्या काठाशी तो सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर असतो, आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबावा लागतो, म्हणून आतल्या खाचांमध्ये तार स्वर फाटतात, 'स'कार फुसफुसतात. यावर उपाय म्हणजे दणदणीत गाणी बाजूच्या सुरुवातीला आणि शांत गाणी शेवटाला. एलपीच्या काळातल्या असंख्य अल्बमांमध्ये प्रत्येक बाजू जोरात सुरू होऊन हलकेच संपते, त्यामागे कलाकाराच्या प्रतिभेइतकाच या खाचेचा हात आहे. शिवाय तबकडी उलटावी लागत असल्याने अल्बमला आयतेच दोन अंक मिळाले: दोन सुरुवाती, दोन शेवट, मध्ये एक मध्यंतर. केट बुशने १९८५ च्या 'हाउंड्स ऑफ लव्ह'मध्ये याचा असा फायदा घेतला की बघत राहावं. पहिल्या बाजूला स्वतंत्र गाणी, त्यातली काही तुफान चाललेली. दुसरी पूर्ण बाजू म्हणजे 'द नाइन्थ वेव्ह', रात्री समुद्रात एकटी तरंगत राहिलेली एक बाई, झोप आणि शुद्ध यांच्या मध्ये. ज्याला फक्त हिट गाणी हवीत त्याने तबकडी उलटूच नये. निम्मा अल्बम कन्सेप्टचा असू शकतो का, असं कुणी विचारलं तर मी हा काढून दाखवतो.

आता 'सार्जंट पेपर'. मे १९६७ अखेर तो बाजारात आला, आणि रॉक अल्बमला पहिल्यांदाच वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं ते यालाच. वेष्टनाच्या मागे गाण्यांचे शब्द छापलेले, गाण्यांमध्ये नेहमीच्या कोऱ्या पट्ट्या नाहीत, एक काल्पनिक बँड तुमच्यासमोर कार्यक्रम करतोय असा थाट. पण कसोटी लावा. पहिली दोन गाणी एकमेकांना घट्ट शिवलेली आहेत. शेवटाकडे शीर्षकगीत पुन्हा येतं आणि त्यामागून 'अ डे इन द लाइफ', तेही पक्कं. मधल्या गाण्यांचं काय? 'लव्हली रिटा' आणि 'गेटिंग बेटर' यांची अदलाबदल करा, कोणाच्या काही लक्षात येणार नाही. हा नुसता माझा तर्क नाही. पहिल्या बाजूचा क्रम आधी वेगळाच ठरला होता. 'मिस्टर काइट' तिसरं होतं, 'लूसी इन द स्काय' पाचवं. नंतर बदलला, आणि काही बिघडलं नाही. जॉन लेननने तर पुढे स्पष्टच सांगितलं की त्याच्या गाण्यांचा त्या बँडच्या कल्पनेशी काही संबंध नव्हता. सुरुवातीला लिव्हरपूलमधल्या बालपणाचं एक सूत्र आकाराला येत होतं खरं, पण त्यातली 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' आणि 'पेनी लेन' ही दोन्ही गाणी कंपनीच्या घाईमुळे फेब्रुवारी १९६७ मध्ये सुटी काढली गेली आणि अल्बमबाहेर राहिली. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना याची हळहळ आयुष्यभर राहिली.

मात्र सांध्यांच्या बाबतीत 'सार्जंट पेपर'पुढे टोपी काढावी लागते. 'गुड मॉर्निंग गुड मॉर्निंग' संपताना प्राण्यांचे आवाज येतात. शेवटचा कोंबडीचा आवाज आणि पुढच्या गाण्यातला गिटारचा पहिला स्वर असे काही जुळवलेत की कोंबडीचीच गिटार होते. आणि 'अ डे इन द लाइफ'चा शेवट! अनेक पियानोंवर एकदम दाबलेला तो स्वरसमूह विरत जातो, तसतसा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक माइकची पातळी वर वर नेत राहतो. आवाज खाली, पातळी वर. शेवटी खोलीतली खुर्ची करकरलेली ऐकू येते. शिवाय वाद्यवृंदाचा एवढा मोठा चढ तबकडीच्या अगदी आतल्या, सगळ्यात नाजूक खाचांमध्ये कोरलाय. धंद्याचे सगळे नियम धाब्यावर. फ्रेम म्हणून हा अल्बम अजोड आहे. फ्रेमच्या आतलं चित्र मात्र सुट्या तुकड्यांचं.

'टॉमी'ला (मे १९६९) गोष्ट आहे, आणि तीच त्याची अडचण आहे. आरशात एक खून पाहिलेला मुलगा आंधळा, मुका, बहिरा होतो, पिनबॉल या यंत्रावरच्या खेळाचा उस्ताद होतो, बरा होतो, गुरू होतो, अनुयायी त्याला सोडून जातात. आता गंमत बघा. अल्बममध्ये परत आलेला बाप आईच्या प्रियकराला मारतो. १९७५ मध्ये केन रसेलने चित्रपट केला त्यात प्रियकर बापाला मारतो. ज्या घटनेवर सगळी गोष्ट उभी आहे तीच उलटी केली आणि गाणी जवळजवळ जशीच्या तशी चालली! कारण नुसती तबकडी ऐकून खून कोणी कोणाचा केला हे धड कळतच नाही. आणि सगळ्यात गाजलेलं 'पिनबॉल विझर्ड' मुळात नव्हतंच. निक कोन नावाच्या समीक्षकाला पिनबॉलचं वेड, त्याला अल्बम आवडावा म्हणून पीट टाउनशेंडने ते मागाहून घातलं. गोष्टीचा कणा असा मागाहून बसवता येत असेल तर तो कणा होता का, हा प्रश्न पडतोच.

तरीही 'टॉमी' मला जवळचा वाटतो, आणि त्याचं कारण मराठी वाचकाला लगेच कळेल. टाउनशेंड मेहेरबाबांचा अनुयायी. अल्बमच्या श्रेयनामावलीत बाबांचं नाव आहे. नगरजवळ मेहेराबादला ज्यांची समाधी आहे तेच हे मेहेरबाबा. १९२५ पासून त्यांनी मौन पाळलं आणि ३१ जानेवारी १९६९ ला, म्हणजे अल्बम येण्याच्या जेमतेम चार महिने आधी, देह ठेवला. बाहेरून पूर्ण बंद आणि आतून जागा असलेला नायक टाउनशेंडला सुचला यामागे ते मौन असावं असं मला वाटतं. आणि खरी बांधणी गोष्टीत नाहीच, सुरांत आहे. 'सी मी, फील मी' ही ओळ पुनःपुन्हा येते आणि दर वेळी आर्त होत जाते. अल्बम तिच्यावर तोलला गेलाय, कथानकावर नाही.

'द वॉल' (नोव्हेंबर १९७९) याबाबतीत जास्त शिस्तीचा. १९७७ मध्ये मॉन्ट्रियलच्या कार्यक्रमात रॉजर वॉटर्स एका प्रेक्षकावर थुंकला आणि मग स्वतःच हादरला; कलाकार आणि श्रोते यांच्यामधल्या भिंतीची कल्पना तिथून आली. अल्बम एका अर्धवट वाक्याने संपतो आणि त्याचा उरलेला अर्धा भाग सुरुवातीला आहे, म्हणजे चक्र पूर्ण. क्रम इथे किती महत्त्वाचा होता याचा पुरावा मूळ वेष्टनातच छापलेला आहे. तिसरी बाजू बसत नव्हती; निर्माता बॉब एझ्रिनच्या टोकण्यावरून शेवटच्या घटकेला 'हे यू' उचलून त्या बाजूच्या सुरुवातीला आणलं. तोवर वेष्टन छापायला गेलेलं. त्यामुळे छापील शब्दांत ते जुन्या जागीच राहिलं, आणि वेळेअभावी काढून टाकलेल्या एका गाण्याचे शब्दही तसेच राहून गेले. मला ही चूक फार आवडते. अल्बम कसा घडतो ते अशा चुकांमधूनच दिसतं. पण ऐंशी मिनिटं लांबलेल्या या दुहेरी अल्बममध्ये शेवटची बाजू मला जड जाते. खटल्याचा प्रसंग सुरू झाला की गाणं बाजूला पडतं आणि नाटक सुरू होतं. वॉटर्स सगळं समजावून सांगायला लागतो. मला समजलेलं असतं.

म्हणून फ्लॉइडचाच 'डार्क साइड' मी खूप वर ठेवतो. गोष्ट नाही, वेळ, पैसा, मृत्यू, वेड, एवढेच विषय. पण एक तुकडा हलवून दाखवा. मार्च १९७३ मध्ये तो बाजारात आला, त्याच्या वर्षभर आधीपासून, जानेवारी १९७२ पासून, बँड ही मालिका रंगमंचावर सलग वाजवत होता. म्हणजे क्रम स्टुडिओत कागदावर ठरला नाही, श्रोत्यांसमोर घासूनपुसून ठरला. हे भाग्य फार थोड्या अल्बमांच्या वाट्याला येतं, आणि माझ्या मते त्याच्या घट्टपणाचं सगळ्यात मोठं कारण हेच. 'टाइम' संपताना 'ब्रीद'ची चाल परत येते, आणि नुकतंच आयुष्य निसटल्याचं गाणं ऐकलेल्या माणसाला ती घरी परतल्यासारखी वाटते. ती चाल पहिल्यांदा आली तेव्हा तिचा एवढा अर्थ नव्हता. मधल्या गाण्याने तिचा अर्थ बदलला.

'मनी'च्या सुरुवातीची ती खणखण घ्या. नाणी, गल्ल्याची घंटा, फाटणारा कागद अशा आवाजांच्या टेपचे तुकडे पट्टीने मोजून, कापून, एकाला एक चिकटवून त्याची वर्तुळाकार पट्टी केली आणि ती माइकच्या स्टँडला वळसा घालून यंत्रावर फिरवत ठेवली. गाणं सात मात्रांचं, तर तुकडेही सात. आज हे दोन मिनिटांचं काम आहे. तेव्हा एका तुकड्याची लांबी नखभर चुकली असती तर ताल लंगडला असता. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये क्लेअर टॉरीने शब्दांशिवाय जो टाहो फोडलाय त्याचे तिला तेव्हा तीस पौंड मिळाले होते. सहसंगीतकार म्हणून तिचं नाव लागायला २००५ उजाडलं. लोकांनाही अल्बम सोडवेना: १९७३ ते १९८८ या काळात अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत तो ७४१ आठवडे होता. माझ्या यादीत दुसरा.

मग 'व्हॉट्स गोइंग ऑन' त्याच्या वर का? आधी मागची हकीगत. गेचा धाकटा भाऊ फ्रँकी व्हिएतनामहून परतला होता. त्याची रेकॉर्ड कंपनी मोटाउन म्हणजे तीन मिनिटांच्या प्रेमगीतांचा कारखाना, आणि मालक बेरी गॉर्डी यांना हे नवं गाणं चालेल असं मुळीच वाटत नव्हतं. जानेवारी १९७१ मध्ये शीर्षकगीत सुटं निघालं, धो धो खपलं, आणि मग अल्बम तातडीने हवा झाला. मे मध्ये तो बाजारात होता. पस्तीस-छत्तीस मिनिटं फक्त.

पहिल्या बाजूला सहा गाणी आणि एकही फट नाही. सुरुवातीला पार्टीतली कुजबुज, हाका. त्यात डेट्रॉइट लायन्सचे दोन फुटबॉलपटू, मेल फार आणि लेम बार्नी, यांचेही आवाज आहेत. सॅक्सोफोनची ती सुरुवातीची ओळ म्हणजे इलाय फाँटेन वाद्य तापवत असताना वाजवलेला तुकडा. गेने तोच ठेवला. आणि स्वतःच्याच आवाजाशी बोलणारा गेचा दुहेरी आवाज? तोही अपघात. त्याने गायलेल्या दोन आवृत्त्या ऐकवताना त्या एकदम वाजल्या, आणि त्याला ते आवडलं. पुढे सगळा अल्बम त्याने असाच गायला: एक आवाज सांगतो, दुसरा त्याला हुंकार देतो, कधी कधी वाद घालतो.

आता क्रम बघा. पहिल्या गाण्यात प्रश्न, कुणालाही विचारलेला. दुसऱ्यात युद्धावरून आलेला जवान भावाला विचारतो: काय चाललंय इथे, काम मिळेल का, आपला संघ जिंकतोय का. साधे, घरगुती प्रश्न. तिसऱ्यात, 'फ्लाइंग हाय'मध्ये, तोच माणूस नशेत गेलाय. एका विमान कंपनीची जाहिरात वळवून हेरॉइनचं गाणं केलंय, आणि गेचा आवाज पातळ होत वर वर जातो, जणू जमिनीला पायच नाहीत. चौथं 'सेव्ह द चिल्ड्रन': एक ओळ बोलायची, तीच लगेच गायची. बोलणारा थकलेला, गाणारा घाबरलेला. त्याच्या शेवटाला लय एकदम पाय उचलते आणि आपण 'गॉड इज लव्ह'मध्ये येऊन पडतो.

इथे थांबतो, कारण माझं सगळं म्हणणं या एका सांध्यात आहे. 'गॉड इज लव्ह' हे गाणं आधीच प्रसिद्ध झालं होतं, शीर्षकगीताच्या सुट्या तबकडीच्या मागच्या बाजूला, वेगळ्या स्वरूपात. तिथे ते एक चांगलं, भाविक गाणं आहे. कोणत्याही रविवारी चालेल असं. अल्बममध्ये गेने ते नव्याने केलं, दोन मिनिटांच्या आत आणलं, आणि नशेच्या व भीतीच्या गाण्यांमागे ठेवलं. आता तीच प्रार्थना बुडत्याच्या हाकेसारखी ऐकू येते. विषय बदलला नाही. बदलली फक्त जागा. दोन्ही लागोपाठ ऐका, मी काय म्हणतोय ते मला आणखी सांगावं लागणार नाही.

दुसऱ्या बाजूला दोष आहे, तो लपवत नाही. 'राइट ऑन' साडेसात मिनिटं चालतं आणि त्यातली दोन-तीन मी खुशाल कापली असती. पण 'इनर सिटी ब्लूज'च्या अखेरीस, सगळा राग ओतून झाल्यावर, पहिल्या गाण्यातली आईला घातलेली साद परत येते. तोच प्रश्न, उत्तर न मिळालेला. 'द वॉल'मध्येही शेवट सुरुवातीला जोडलाय, पण तिथे ती युक्ती आहे. इथे माणूस खरोखरच होता तिथेच आलाय.

'रोलिंग स्टोन' मासिकाच्या ५०० अल्बमांच्या यादीत २००३ मध्ये 'सार्जंट पेपर' पहिला होता, २०२० मध्ये 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला आला. याद्यांवर माझी फार श्रद्धा नाही, मतदार बदलले की देव बदलतात. पण यावेळी तक्रारही नाही.

काही नावं झटपट उरकतो, कारण ती कुणीतरी काढणारच. डेव्हिड बोवीचा 'झिगी स्टारडस्ट' (१९७२): पात्र अफाट, अल्बम सैल. 'स्टारमन' हे गाणं कंपनीला सुटं चालेल असं गाणं हवं म्हणून उशिरा आलं, आणि त्यासाठी चक बेरीचं एक गाणं बाहेर गेलं. 'इट एन्ट ईझी' तर दुसऱ्याचंच गाणं, झिगीशी नातं नसलेलं. पहिलं आणि शेवटचं गाणं इतकं जबर आहे की मधली ढिलाई आपण माफ करतो. जेथ्रो टल या बँडचा 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' (१९७२) ही मुळात थट्टा. आधीच्या अल्बमला समीक्षकांनी उगाच कन्सेप्ट अल्बम ठरवलं म्हणून इयन अँडरसनने दोन बाजूंवर पसरलेलं एकच गाणं केलं, ते एका आठ वर्षांच्या काल्पनिक कवीच्या नावावर खपवलं आणि वेष्टन म्हणून पूर्ण वर्तमानपत्र छापलं. थट्टा अस्सलापेक्षा सरस निघाली. याउलट येस या बँडचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' (१९७३): परमहंस योगानंदांच्या 'योगी कथामृत'मधल्या एका तळटीपेवरून चार बाजूंची चार गाणी, प्रत्येक वीसेक मिनिटांचं. तळटीपेला ऐंशी मिनिटं जरा जास्तच झाली. कीबोर्डवादक रिक वेकमनलाही तसंच वाटलं आणि तो बँड सोडून गेला.

इंग्रजीबाहेर कुणी बघत नाही याचं मात्र वाईट वाटतं. सर्ज गेन्सबूरचा फ्रेंच 'इस्त्वार द मेलोडी नेल्सन' (१९७१) अठ्ठावीस मिनिटांत एक पूर्ण, अस्वस्थ करणारी कादंबरी सांगून जातो. इटलीच्या फाब्रित्सिओ दे आंद्रेने त्याच वर्षी अमेरिकेतल्या 'स्पून रिव्हर' या कवितासंग्रहातल्या थडग्यांमधल्या मृतांना गाणी दिली. रुबेन ब्लादेसचा 'माएस्त्रा विदा' (१९८०) म्हणजे साल्सामध्ये बांधलेली एका कुटुंबाच्या पिढ्यांची गोष्ट. आणि कंट्रीमधला विली नेल्सनचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' (१९७५): बायको आणि तिचा प्रियकर यांना मारून भटकणारा धर्मोपदेशक, आणि साथीला इतकी कमी वाद्यं की कंपनीच्या साहेबांना तो कच्चा नमुना वाटला. 'टॉमी'ला गोष्ट सांगता आली नाही, याला आली.

शेवटचा मुद्दा, आजचा. सीडीने तबकडी उलटण्याचं मध्यंतर घालवलं आणि ७४ मिनिटं हातात दिली, त्यामुळे नव्वदच्या दशकातले अल्बम विनाकारण लांबले. एमपी३ ने त्याहून वाईट केलं: फाइल बनवतानाच पुढेमागे मिलिसेकंदांची शांतता चिकटायची आणि आमचे जोडलेले सांधे उचकी लागल्यासारखे तुटायचे. स्ट्रीमिंगमध्ये तीस सेकंद ऐकलं की एक वेळ ऐकल्याची नोंद होते, मग हळूहळू उलगडणारी सुरुवात करायला कोण धजावणार? नोव्हेंबर २०२१ मध्ये अडेलने आग्रह धरला म्हणून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं मुख्य शफल बटण, म्हणजे गाणी क्रम मोडून वाजवणारं बटण, बदललं. म्हणजे क्रमाने ऐकण्यासाठी एवढ्या मोठ्या गायिकेला शब्द टाकावा लागला.

आणि तरी याच काळात रॅपर केंड्रिक लमारने या वादातला माझा तिसरा नंबर काढलाय. 'टू पिम्प अ बटरफ्लाय'मध्ये (२०१५) एकच कविता गाण्यागणिक एकेक ओळीने वाढत जाते आणि शेवटी कळतं की ती रॅपर टुपाकला वाचून दाखवली जात होती. पण माझी निवड पुढची, 'डॅम' (२०१७), ज्याला संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. शास्त्रीय आणि जॅझ सोडून दुसऱ्या संगीताला ते पहिल्यांदाच मिळालं. त्याच वर्षअखेर त्याने तीच चौदा गाणी उलट्या क्रमाने लावून वेगळी आवृत्ती काढली. सुलट ऐका: पहिल्या गाण्यात निवेदकाला गोळी लागते, आणि शेवटच्या 'डकवर्थ'मध्ये त्याच्या वडिलांनी दुकानात दाखवलेल्या एका छोट्याशा चांगुलपणामुळे त्यांचा जीव कसा वाचला ते येतं, मग टेप उलटी फिरत पहिल्या ओळीपाशी जाते. उलट ऐका: वडील वाचतात तिथून सुरुवात होते, आणि मुलगा गोळी खाऊन संपतो. शब्द तेच, गाणी तीच. माणूस जगला की मेला, हे तुम्ही कुठल्या टोकाकडून सुरुवात केली त्यावर ठरतं.